हिकरी घ्यावी की पिकॅन? तीन पाकिटं धुरात घालवल्यावर

आधी हिशोब सांगून टाकतो. पदार्थाला धूर द्यायला वापरतात त्या हिकरीच्या लाकडाच्या ढलप्यांचं एक किलोचं पाकीट ७४० रुपये, पिकॅनच्या ढलप्यांचं ८२०. डिसेंबरात दोन्ही एकाच ऑनलाइन दुकानातून मागवली, मार्चमध्ये हिकरीचं आणखी एक. तीन किलो लाकडाचे झाले २३००. आकडा ऐकून नाना म्हणाले, "एवढ्यात मी तुझ्या दारात जळाऊचा ढीग टाकला असता, वर पावती दिली असती."

नाना म्हणजे माझे वडील. नाशिकच्या द्वारका चौकाच्या पुढे त्यांची लाकडाची वखार होती, बत्तीस वर्षं चालवली. आता ऐंशी पार केलीय, तोंडात कवळी आहे, पण नाक आणि अंगठा अजून शाबूत. लाकूड चोळून, हुंगून नाव सांगतात. मी सातपूरला टूलरूममध्ये आहे, माझा विश्वास मायक्रोमीटरवर. तेव्हा पुढे जिथे मापं येतील तिथे मी बोलतोय आणि जिथे शेरे येतील तिथे नाना, असं समजा.

धुराचं हे खूळ पुण्याहून आलं. भाच्याकडे जेवायला गेलो होतो, त्यानं कोंबडी तासन्‌तास नुसत्या धुरावर ठेवून वाढली. आपल्याला धुरी नवी नाही. निखाऱ्यावर तुपाचा थेंब सोडून वाटी ताकात किंवा डाळीत ठेवायची आणि वर झाकण घालायचं, हे माझी आई नेहमी करायची. खानदेशात पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याच्या भरताची गोडी तर निम्मी धुराचीच असते. पण धूर हाच मुख्य पदार्थ आणि बाकी सगळं तोंडी लावणं, असा प्रकार मी पहिल्यांदा खाल्ला. परत आल्यावर तयार स्मोकरच्या किमती बघितल्या आणि मोबाइल खाली ठेवला.

घरात स्टीलची धान्याची कोठी होती, बायकोच्या लग्नातली, भांडी बाजारातून घेतलेली.

"अहो, त्यात तांदूळ आहेत," ती म्हणाली.

"दुपारपर्यंत आहेत," मी म्हणालो. या वाक्याची किंमत मी अजून फेडतोय.

कोठीला तळाशी हवेसाठी तीन भोकं पाडली, झाकणात सरकती झडप बसवली. आत हजार वॉटची शेगडी, तिच्यावर बिडाचा जुना तवा आणि तव्यावर ढलप्या. वर पाण्याचं ताट, त्याच्यावर दोन जाळ्या. ताट महत्त्वाचं आहे. चरबी ठिबकून तापल्या तव्यावर जळली की जो काळा धूर उठतो, तो पोटात जाण्यासारखा नसतो. आणि कुणी नक्कल करणार असेल तर कोठी स्टेनलेस स्टीलचीच घ्या. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची स्वस्त मिळते, पण तापल्यावर त्यावरचं जस्त धुरात येतं. हे मी कारखान्यातल्या अनुभवानं सांगतोय, तिथे हसण्यावारी नेऊ नका.

आता पाकिटं. पहिली गोष्ट, हिकरी हे एका झाडाचं नाव नाहीच. अक्रोडाच्या कुळात कॅरिया नावाची प्रजाती आहे, तिच्यातल्या सगळ्या झाडांना मिळून हिकरी म्हणतात आणि पिकॅन त्यांच्यातलंच एक. भाऊबंदकीत मात्र दोन घरं पडली आहेत. एक 'खऱ्या' हिकरींचं, दुसरं पिकॅन हिकरींचं. माझ्या पहिल्या पाकिटावर कॅरिया ओव्हाटा छापलं होतं, म्हणजे शॅगबार्क हिकरी, खऱ्या घरातली. दुसऱ्यावर कॅरिया इलिनॉयनेन्सिस, म्हणजे पिकॅन. पेशीतली गुणसूत्रं मोजली तर पिकॅनची ३२ भरतात आणि शॅगबार्कचीही ३२च. या दोन घरांत सोयरिकीही होतात, त्या संकराला तिकडे हिकॅन म्हणतात.

शॅगबार्कची ओळख नावातच आहे. जुन्या खोडाची साल लांब लांब पट्ट्यांनी सुटते. आपल्या निलगिरीची सुटते तशी, पण जाड आणि ताठ. मध्ये खोडाला चिकटलेली आणि दोन्ही टोकं बाहेर वळलेली. संयुक्त पानात पर्णिका बहुधा पाचच. पिकॅनच्या पर्णिका नऊपासून सतरापर्यंत, आणि कडुनिंबाच्या असतात तशा एका बाजूला कोयत्यासारख्या वळलेल्या. शॅगबार्क अमेरिकेच्या पूर्व भागातलं आणि कॅनडाच्या कडेचं. पिकॅन मिसिसिपीच्या खोऱ्यातलं, टेक्सासपासून खाली मेक्सिकोपर्यंत. टेक्सासनं १९१९ साली ते आपलं राज्यवृक्ष केलं. टेक्सासचं म्हणून नाक मुरडणाऱ्या नाशिककरांनी आपल्या द्राक्षबागा आठवाव्यात. ज्या डॉगरिजच्या खुंटावर आपण थॉमसनची कलमं भरतो, तो खुंटही मूळचा टेक्सासचाच.

कलमावरून आणखी एक. लुइझियानात ओक अ‍ॅली नावाच्या मळ्यावर अँतोआन नावाचा माळी होता. गुलाम माणूस, आडनावाची नोंद नाही. पातळ कवचाच्या चांगल्या पिकॅनची कलमं बांधायचं काम त्यानं १८४६च्या हिवाळ्यात तडीस नेलं. त्या झाडांची फळं १८७६च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात बक्षीस घेऊन आली, तेव्हा वाणाला नाव मिळालं 'सेंटेनियल'. माळ्याचं नाव वाणाला लागलं नाही. नानांना हे सांगितलं तर त्यांनी फक्त "हं" केलं आणि पाकीट मागितलं.

त्यांनी दोन्ही ढलप्या तळहातावर घेऊन तोलल्या. "ही जड," हिकरीकडे बोट दाखवून म्हणाले. अंदाज बरोबर होता. वाळलेलं शॅगबार्क घनमीटरला सुमारे ८०० किलो भरतं, पिकॅन ७३५च्या आसपास. साग ६५० ते ६६०. कडकपणासाठी लाकडाच्या धंद्यात जांका कसोटी वापरतात: ११.२८ मिलिमीटरची पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतवायला किती जोर लागतो, ते मोजायचं. पौंडांत सांगायचं तर शॅगबार्कला १८८०, पिकॅनला १८२०, सागाला १०७० लागतात. म्हणजे ही दोघं आपापसात जवळपास सारखी आणि सागाच्या पावणेदोन पट कडक. तिकडे कुऱ्हाडीचे, हातोडीचे दांडे हिकरीचे करतात, एके काळी गोल्फच्या काठ्याही तिच्याच असत.

"म्हणजे धावडा," नाना म्हणाले. त्यांच्या हिशोबात दांड्याला धावडा, नाहीतर बाभूळ. बाकी सगळं फर्निचर.

मग मी भिंग काढलं. कारखान्यात धारेचा चुरा तपासायला दहापट दाखवणारं भिंग असतं, ते घरीही एक आहे. ढलपीचं टोक नव्या ब्लेडनं एका फटक्यात आडवं कापायचं, थुंकीचं बोट फिरवायचं आणि उजेडात धरायचं. हिकरीत वर्षाच्या वलयाच्या सुरुवातीला मोठाल्या छिद्रांची एक ओळ दिसते आणि ती संपली की एकदम बारीक छिद्रं. रेघ मारल्यासारखा फरक. नाना म्हणाले, "सागासारखं की रे." खरंच, सागाचंही वलय असंच असतं, मोठ्या छिद्रांच्या माळेचं. पिकॅनमध्ये मात्र छिद्रं मोठ्याकडून लहानाकडे सावकाश उतरत जातात, जिन्यावरून उतरावं तशी. आणखी एक खूण आहे. दोन्हींत फिक्या रंगाच्या बारीक आडव्या रेषा असतात. खऱ्या हिकरीत त्या मोठ्या छिद्रांचा पट्टा संपल्यावर सुरू होतात, पिकॅनमध्ये त्या पट्ट्यातही दिसतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पहिली कोंबडी मी वाया घालवली. कोरी कबुली. दोन मुठी हिकरी, झडप बंद, वर तीन तास. पांढराफेक धूर, इतका की खालच्या मजल्यावरचे काका पाण्याची बादली घेऊन जिन्यात आले. मांस बाहेरून तपकिरी झालं होतं, दिसायला देखणं, आणि चव अशी की जिभेला घासलेट लावल्यासारखा चरका बसला. बायकोनं एक घास खाल्ला आणि कोठीकडे पाहिलं. बोलली काहीच नाही.

चूक लाकडाची नव्हती. लाकडातलं लिग्निन तापून फुटतं तेव्हा ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही द्रव्यं निघतात. धुराची चव मुख्यतः पहिल्याची, वास दुसऱ्याचा. हवा पुरेशी मिळाली तर धूर पातळ, निळसर येतो आणि हीच द्रव्यं पदार्थावर बसतात. झडप बंद करून कोंडमारा केला की अर्धवट जळालेलं डांबर बसतं. ढलप्या रात्रभर भिजत घाला, असं पाकिटावर छापलं होतं. घातल्या. सकाळी एक फोडून पाहिली, तर ओल वरच्या मिलिमीटरभरच, आत कोरडी ठक्क. धुमसायच्या आधी ती ओल वाफ होऊन जाते, एवढाच उपयोग. त्यानंतर मी कोरड्याच वापरतो.

नंतर शिस्त लावली. दर वेळी साठ ग्रॅम ढलप्या वजन करून, झडप अर्धी उघडी, कोठीतलं तापमान शंभर-एकशे दहाच्या दरम्यान. कोंबडीचे तुकडे मीठ लावून, कोरडे पुसून, तासभर पंख्याखाली. वरचा थर किंचित चिकट झाला की धूर चांगला धरतो. शेवटी तुकड्याच्या आत थर्मामीटर खुपसून ७४ अंश झाल्याची खात्री. धूर लागला म्हणजे शिजलं असं नव्हे.

आणि आता चव. हिकरीचा धूर उग्र, अंगावर येणारा. चुलीवर तापलेल्या लोखंडी कढईतल्या सुक्या मटणाचा वास आठवा, त्याच्या जवळपास. पिकॅनचा त्याच जातीचा, पण एक सूर खाली, आणि शेवटी भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा गोडसर वास. हिकरी वीस मिनिटं जास्त झाली तर पदार्थ कडवट होतो. पिकॅन चुकीला बऱ्यापैकी माफ करतं.

हे माझं मत. ते खरं आहे की ८० रुपये जास्त दिल्यामुळे तसं वाटतंय, हे बघायला रंगपंचमीचा दिवस धरला. तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेल्या जुन्या हौदात, उड्या मारून दोन मेव्हणे, त्यांची मुलं आणि शेजारचा एक मित्र असे सात जण पिवळेजर्द होऊन घरी आले. भुकेनं वेडे होते, म्हणजे परीक्षक म्हणून अगदी नालायक. तरी 'अ' आणि 'ब' अशी दोन ताटं मांडली. आधी दोन्ही धूर नाव सांगून हुंगायला दिले, मग ओळखायला लावलं. कोंबडीत सातांपैकी तिघं बरोबर आले, म्हणजे छापाकाटा. त्या कोंबडीला आलं-लसूण-तिखट चोळलं होतं, हे मान्य. पनीरच्या ताटात सातांपैकी सहा बरोबर! नुसतं मीठ लावलेलं पनीर, त्यात फरक सरळ कळला. हिकरीचं पनीर नुसतंच धुरकट लागलं, दुधाची चव पार गेली. पिकॅनमध्ये दूधही होतं आणि धूरही. कवळीमुळे नानांचा सगळा कारभार पनीरवरच, आणि त्यांनी न चाखता, नुसतं हुंगून दोन्ही ओळखली.

यावरून मी वाटणी केली आहे. मटण, डुकराचं मांस, मसाला चोळलेली जाड कोंबडी: हिकरी. पनीर, मासे, अंडी, लसूण, कांदा: पिकॅन. लासलगावच्या उन्हाळ कांद्याला चार फाका पाडून पिकॅनवर तासभर ठेवा, मग चिरून भाकरीबरोबर मीठ-तेल लावून खा. पण सगळ्यात भारी निघाला ठेचा. हिरव्या मिरच्या आणि लसणाच्या पाकळ्या अर्धा तास पिकॅनवर, मग खलबत्त्यात दाणे-मीठ घालून रगडायच्या. बायकोचा कोठीवरचा राग थोडा उतरला तो या ठेच्यानं. पूर्ण नाही.

एक फजितीही सांगायला हवी. मार्चमध्ये शेजारच्या काकूंनी गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि वाऱ्याची दिशा मी पाहिली नव्हती. संध्याकाळी त्या एक कुरडई हातात घेऊन आल्या, माझ्या नाकाखाली धरली आणि म्हणाल्या, "हे काय?" हिकरी होती, शंभर टक्के. त्यांना दोन किलो गहू आणून दिले. आता गच्चीवर जायच्या आधी त्यांना फोन करतो.

तक्रार मात्र वेगळीच आहे. मार्चमध्ये आलेल्या हिकरीच्या पाकिटावर तेच छापलेलं, कॅरिया ओव्हाटा. तव्यावर टाकली तर धूर ओळखीचा, पण हिकरीचा नव्हे. शेंगदाण्याची साल. मी वीस ढलप्या वेगळ्या काढल्या, प्रत्येकीचं टोक कापलं, भिंगाखाली धरलं. चौदांमध्ये जिना, सहांमध्ये रेघ. म्हणजे ढोबळमानानं पाकिटात दोन तृतीयांश पिकॅन.

विक्रेत्याला फोटो पाठवले, खुणा काढून. दोन दिवसांनी उत्तर आलं: "सर, पिकॅन पण हिकरीच असते."

मी तापलो. नाना हसले, कवळी निघेपर्यंत. "वखारीत 'जंगली' म्हणून काय विकायचो आम्ही? साग सोडून जे येईल ते. ऐन, हेद, किंजळ, कळंब. गिऱ्हाईक विचारायचं, कसलं आहे? जंगली. झालं." आणि खरी गोष्ट अशी की अमेरिकेतल्या लाकडाच्या धंद्यातही खरी हिकरी आणि पिकॅन हिकरी सर्रास एकत्र कापून 'हिकरी' म्हणूनच विकली जाते, कापलेल्या फळीवरून दोन घरं वेगळी काढणं भिंगाशिवाय कठीण. म्हणजे विक्रेत्याचं वाक्य शास्त्राप्रमाणे चूक नाही. चूक आहे ते पाकिटावर जातीचं नाव छापणं. नुसतं 'हिकरी' छापलं असतं तर माझं तोंड बंद होतं.

त्यात गंमत म्हणजे पिकॅन ८२०ला, हिकरी ७४०ला. म्हणजे त्यांनी मला महागडं लाकूड स्वस्तात दिलं. ग्राहक म्हणून फसलो आणि फायद्यातही राहिलो. पैसे परत मागायला तोंड राहिलं नाही. मटणाच्या बेताला मात्र त्या पाकिटानं दगा दिला, रश्श्याच्या मसाल्यापुढे धूर कुठल्या कुठे गेला.

नाशिकच्या लोकांचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे: छाटणीनंतर बांधावर द्राक्षाच्या काड्यांचे ढीग पडलेले असताना अमेरिकेचं लाकूड कशाला? तिकडे वेलाचं लाकूड धुरासाठी वापरतातही. पण आपल्या काडीवर हंगामभर काय काय फवारलेलं असतं ते बागायतदाराला विचारा. बोर्डोचा निळा थर तर डोळ्यांनी दिसतो. तो धूर मी माझ्या पनीरला लावणार नाही. मखमलाबादच्या मित्राच्या परड्यातला एक पेरू मात्र वादळात पडला, कधीच फवारणी न झालेला. त्याच्या फांद्या साल काढून, सहा महिने वाळवून, रंध्यानं ढलप्या काढल्यात. पिकॅनइतकी गोडी नाही, पण कोंबडीला वाईट नाही. आणि फुकट.

पहिल्यांदा घेणाऱ्यानं पिकॅन घ्यावं आणि एक किलोच घ्यावं, साठ ग्रॅमच्या मापानं सोळा वेळा पुरतं. हिकरी दुसऱ्या खेपेला, हात बसल्यावर. मी मागवलेल्या दुकानाला पाचपैकी तीन. पॅकिंग चांगलं, माल कोरडा, बुरशी नाही, लेबल खोटं. ज्याला भिंग नाही त्यानं चार समजा, त्याला कळणारच नाही.

नानांच्या कपाटात वखारीच्या काळातला नमुन्यांचा खण आहे. साग, शिसव, खैर, धावडा, अशा बोटभर चिपा, प्रत्येकीवर शाईनं नाव आणि घनफुटाचा तेव्हाचा भाव. परवा त्यात दोन नव्या दिसल्या. एकीवर लिहिलंय, 'अमेरिकन जंगली, ७४०'. दुसरीवर, 'तेच, ८२०'.